म्हसळ्याच्या रानातला झरा नकाशावर आला

मंडळी, हातापायांवर काट्यांचे ओरखडे आहेत, पण आज मी भलताच खूश आहे!

म्हसळ्याजवळच्या एका आदिवासीवाडीच्या वनहक्क दाव्यासाठी आम्ही डोंगराचा नकाशा करतोय. त्यात वाडीचा जुना झरा दाखवायलाच हवा होता, पण दाट झाडीत दोन दिवस शोधूनही तो सापडेना.

आज वाडीतल्या सत्तरीच्या जनीआजी स्वतःच पुढे निघाल्या. "चला, मी दावते."

तासाभराने कातळाखाली थंडगार पाणी दिसलं! मोबाइलवर जागा नोंदवताना मी विचारलं, "आजी, झऱ्याचं नाव?"

"नाव न्हाय. माज्या सासूनं, सोमीनं, शोधला व्हता. सोमीचा झरा लिव."

लिहिलेलं मी मोठ्याने वाचून दाखवलं, तशा आजी टाळ्या वाजवून हसल्या. "माजी सासू म्हातारी आता नकाशावरनं कुठं जात न्हाय!"

तुमच्या गावातली अशी कुठली जागा अजून नकाशावर यायची आहे?