हळदीवरचं फाउंडेशन

माझ्या हातची पहिली नवरी अकोल्याच्या मांडवात आली तेव्हा छान गव्हाळ दिसत होती. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिचा चेहरा नारिंगी झाला, मान तेवढी होती तशीच राहिली. नवरदेवाची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "नवरी काळी पडून राहिली ना वं!" मी मेकअपची पेटी छातीशी धरून मागे उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती चाचरत म्हणाली, "ताई, अमरावतीची पार्लरवाली पाहू काय?" मला राग आला. तिचा नाही, स्वतःचाच. म्हटलं, "आठ दिवस दे मले."

हिवरखेडला आमची भाजीची वाडी आहे. त्या आठवड्यात मी रोज सकाळी गालावर फाउंडेशनचे दोन पट्टे ओढायची, एक धुतलेल्या गालावर, दुसरा हळद-तेल लावलेल्या. तशीच बाजारात वांगी विकायला बसायची आणि तासातासाला मोबाइलवर फोटो काढायची.

"काहून वं, तोंडाले काय फासलं?" एका काकूंनी विचारलं.

"अभ्यास करून राहिली, काकू. वांगे किती देऊ?"

दुपारपर्यंत हळदीवरचा पट्टा रोज दोन शेड गडद व्हायचा. तेल त्या रंगात मुरतं, वरून घाम, ओली माती काळी दिसते तसंच. धुतलेल्या गालावरचाही थोडा गडद व्हायचा, पण तासाभरात थांबायचा. आणि मी शहाणी, आमच्याकडे लग्न लागेपर्यंत नवरीच्या तोंडाला पाणी लावत नाहीत म्हणून अकोल्याच्या नवरीला तेलकट हळदीवरच थापलं होतं. शेडही लावल्या लावल्या पाहून ठरवली होती.

बहिणीच्या लग्नात आई आडवी आली. "नवरीची हळद धुते काय कोणी? अपशकुन होते!"

"हातापायाची राहू दे. तोंड धुतल्याबिगर मी पेटी उघडत नाई."

आईनं बहिणीकडे पाहिलं, मीही पाहिलं. ती उठली, बेसन घेतलं आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

मी अर्धी शेड फिकी लावली, पातळ. तासभर थांबले, तिला उन्हात नेऊन पाहिलं, मगच पुढे हात लावला.

लग्न भर दुपारी लागलं. पंगतीतही तिचे गाल मानेच्याच रंगाचे होते, तरी माझी नजर तिथून हटेना. ती समोरून ओरडली, "पाहून काय राहिली, ताई? जेव ना!"

दिवसभरात तिनं एकदाही आरसा मागितला नव्हता.