दुसऱ्या जागेची टेप

शालनताई कात्रजला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. बोलायला गोड, पण कुणी तिच्या हाताच्या वेगाचं कौतुक केलं की उठून जाते. कारण मला माहीत आहे, म्हणून मी तो विषय काढत नाही.

तिच्या कारखान्यात मोटारींसाठी वायरींचे जुडगे बांधतात. बारा बायका एका ओळीत उभ्या असतात. पहिली बोर्डावर वायरी बसवते, दुसरी त्यांना टेप गुंडाळते, आणि बोर्ड पुढे सरकतो. पहिल्या जागेवर शालन, दुसऱ्या जागेवर द्वारकामावशी. अठरा वर्षांपूर्वी शालनला हे काम मावशीनंच शिकवलं.

कामाबरोबर तिनं आणखी एक गोष्ट शिकवली होती. साहेब घड्याळ घेऊन उभे राहिले, की दर बोर्डाआधी घाम आल्यासारखी फडक्याला बोटं पुसायची. खरा वेग एकदा दाखवला की तोच रोज मागतात. एरवी शालनचा हात भराभर चालायचा, आणि जो वेळ उरायचा त्यात ती मावशीची राहिलेली टेप गुंडाळून द्यायची. मावशीच्या बोटांची पेरं सुजलेली असायची. इतक्या वर्षांत वर कुणाला पत्ता लागला नव्हता.

गेल्या मार्चमध्ये जर्मनीहून पाहुणे आले. त्या सकाळी सुपरवायझर दत्तप्रसाद शालनजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, या वेळी नुसतं टार्गेट नाही. हेच काम मोरोक्कोत बोर्डामागे चौऱ्याऐंशी सेकंदांत होतं. आपले पंच्याण्णव भरले, तर लाइन तिकडे जाणार. बाराही जणी घरी."

शालननं लगेच मावशीला सांगितलं.

"गेल्या खेपेला थायलंड होतं," मावशी म्हणाली. "यांच्याकडे नकाशा फार मोठा आहे. तू आपली बोटं पूस."

घड्याळ सुरू झालं. मावशीनं शिस्तीत बोटं पुसली. शालननं पुसली नाहीत. पहिला बोर्ड सुटला, दुसरा सुटला, तिसरा मावशीपाशी अडकला. मावशीनं एकदाच तिच्याकडे पाहिलं, फडकं बाजूला टाकलं आणि तीही घाईनं गुंडाळू लागली. पण पेरं वळेनात. चौथा बोर्ड येऊन थांबला. घड्याळवाला दोन पावलं जवळ सरकला. पुढच्या दहा जणी रिकाम्या हातांनी उभ्या होत्या.

आता सगळं गेलं, असं शालनला वाटलं, आणि तिचा हात सवयीनं शेजारी गेला. मावशीची टेप तिनं गुंडाळली. पुढच्या बोर्डाचीही. मग प्रत्येकच बोर्डाची, तासभर. आकडा आला ब्याऐंशी. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

लाइन राहिली. दत्तप्रसादनं पेढे वाटले. आठवड्यानं नवा कागद लागला: पहिली आणि दुसरी जागा एकत्र. एक बाई दोघींचं काम करू शकते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंच होतं.

"मला रोज नाही जमणार हे," शालन दत्तप्रसादला म्हणाली.

"जमलं की, ताई." तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

मला विचाराल तर चूक तिची नव्हती. पण मी नुसता शेजारी. माझ्या म्हणण्यानं तिला थोडीच झोप येते.

शेवटच्या दिवशी मावशीनं डबा पिशवीत भरला, गेटपाशी शालनला थांबवलं.

"रडतेस काय? अकरा जणी राहिल्या ना?" मग कमरेचं फडकं काढून तिच्या हातात दिलं. "हे ठेव. घड्याळवाले पुन्हा येतील."

ते अजून शालनच्या कमरेला असतं. दोन जागांचं काम करताना तिच्या बोटांना आता खरंच घाम येतो. पुसायला वेळ होत नाही.