व्हायलवरची रेघ

मंदाकिनी सिस्टरांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मला वीस मिनिटं उशीर झाला होता. "या डॉक्टर," त्या म्हणाल्या, "बाळ थेट बालवाडीत जायला निघालं होतं, तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय." टेबलवरची बाईसुद्धा हसली. मला काही हसू आलं नाही.

मी भूलतज्ज्ञ. स्वतःचं हॉस्पिटल नाही, एकाच ठिकाणी नोकरीही नाही. पुण्यात आमच्यासारखे ढिगाने आहेत. डिकीत बॅग टाकायची आणि सकाळी कोथरूड, दुपारी वारजे, संध्याकाळी धायरी अशी भूल देत फिरायचं. फाइलवर नाव बघायचं, पाठीत सुई द्यायची, टाके पडत आले की पुढच्या फोनकडे कान लावायचे. आम्ही स्वतःला फ्रीलान्स म्हणवतो. सिस्टर आम्हाला कुल्फीवाले म्हणायच्या.

वारज्यात श्यामसरांचं छोटंसं प्रसूतिगृह आहे. सिस्टर तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये अठ्ठावीस वर्षं होत्या. राहायला शनिवार पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. रोज बस बदलून यायच्या आणि आमच्यापैकी गाडीवाल्यांच्या आधी पोचायच्या. तोंड असं की नव्या नर्सेस पहिल्या आठवड्यात हमखास रडायच्या. मग त्यावरही ऐकावं लागायचं, "रडून झालं असेल तर हात पुन्हा धुवा, डोळ्यांना लावलेत." कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. एकदा मला म्हणाल्या होत्या, "आज सुई पहिल्या फटक्यात गेली. वाढदिवस आहे का?"

त्यांचा एक नियम होता. उघडलेली औषधं संध्याकाळी फेकायची. त्यातही मेफेंटरमिनची बाटली तर नक्कीच. सिझेरियनसाठी आम्ही पाठीत भूल देतो तेव्हा कमरेखालचं अंग बधिर होतं, तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. बाईला मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पोटातल्या बाळाचं रक्तही आटतं. अशा वेळी हे औषध पातळ करून शिरेतून थोडं थोडं द्यायचं. मिनिटा-दोन मिनिटांत दाब वर येतो. इतकं साधं, इतकं रोजचं, की त्याच्याकडे कुणी नीट बघतही नाही. रबरी बूच असलेली छोटी बाटली, आम्ही तिला व्हायल म्हणतो. एकीत बऱ्याच जणींपुरतं औषध असतं.

मग गंधार आला. गंधार म्हणजे श्यामसरांचे चिरंजीव. एमबीए. डॉक्टर होणं जमलं नाही म्हणून डॉक्टरांना शिस्त लावायला आलेले. आल्याआल्या त्याने सॉफ्टवेअर बसवलं, सीलबंद औषधांचं कपाट स्वतःच्या केबिनमध्ये नेलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, आणि फर्मान काढलं की उघडलेली व्हायल संपेपर्यंत वापरायची. "मॅडम, धिस इज प्युअर वेस्टेज." सिस्टर म्हणाल्या, "मला सिस्टर म्हणा. मॅडम शाळेत असतात, तिथे तुम्ही बहुधा लक्ष दिलं नाहीत." पण फर्मान फर्मानच. श्यामसरांनी मान खाली घालून ते चालू दिलं. बायकांचं पोट उघडताना ज्यांचा हात कधी थरथरला नाही, त्यांना मुलासमोर तोंड उघडता येत नव्हतं.

सिस्टरांनी मग स्वतःचा उपाय काढला. संध्याकाळी निघताना उघड्या व्हायलच्या लेबलावर, औषध जिथपर्यंत असेल तिथे, बॉलपेनने बारीक रेघ मारायची. सकाळी आल्यावर बघायचं. रेघेइतकं औषध असलं की रात्रीतून कुणी हात लावला नाही, ठीक. आम्हा सगळ्यांना ते फार हुशारीचं वाटलं. त्यांनाही वाटलं, आणि घात तिथेच झाला.

अपेक्षा नावाची मुलगी होती, पहिलटकरीण. नवरा आनंद, हिंजवडीत नोकरीला. बाळ आडवं होतं म्हणून सिझेरियन ठरलेलं, घाईगडबड काही नाही. सिस्टरांनी सकाळी रेघ पाहिली, बरोबर होती. व्हायलमधून औषध काढून पातळ केलं, सिरिंजवर पांढरी पट्टी लावून नाव लिहिलं आणि माझ्या हाताशी ठेवली. मी पाठीत सुई दिली. चार मिनिटांनी अपेक्षा म्हणाली, "डॉक्टर, मला कसंतरीच होतंय."

दाब ऐंशी. मी सिरिंजमधलं औषध दिलं, सलाइन जोरात सोडलं, टेबल डावीकडे कलतं केलं, ऑक्सिजन लावला. दाब सत्तर. पुन्हा दिलं. श्यामसरांनी तोवर पोट उघडलं होतं, हात थांबवणं शक्य नव्हतं. पासष्ट. तिचे ओठ पांढरे पडले, ती उत्तर देईनाशी झाली. मी तिसऱ्यांदा दिलं आणि मॉनिटरकडे मूर्खासारखा बघत बसलो. बावीस वर्षांच्या अनुभवाचा मला त्या क्षणी एवढाच उपयोग होता. आणि तेवढ्यात आठवलं, की आठवडाभर हे औषध इथे असंच वागत होतं. लागू पडायला वेळ घेत होतं, दुप्पट द्यावं लागत होतं. मी दुप्पट देत होतो आणि कंपनीला शिव्या घालत होतो. बाटली बदला, एवढं म्हणायला माझी जीभ झडली नव्हती.

"डॉक्टर, ते पाणी देणं बंद करा," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा. त्यांनी इमर्जन्सी ट्रेमधली ॲड्रिनॅलिनची काचेची अँप्युल माझ्यासमोर फोडली. "ही फोडल्याशिवाय उघडत नाही. हिच्यात कुणी काही भरू शकत नाही." मी ती शंभर मिली सलाइनमध्ये मिसळली आणि त्यातलं जेमतेम एक मिली दिलं. त्या औषधाचा हात जास्त पडला तर तेही जीव घेतं. मिनिटभराने दाब नव्वद, मग एकशे पाच. बाळ बाहेर आलं ते निळसर आणि गप्प. बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी श्वास दिला. मुलगी होती. ती रडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

टाके झाले. अपेक्षा शुद्धीवर होती, बाळ कुठे आहे म्हणून विचारत होती. सिस्टरांनी ती व्हायल उचलून उजेडात धरली.

"रेघ बरोबर होती," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी फसले. कुठवर भरायचं ते मीच चोराला लिहून दिलं. रोज थोडं काढायचं आणि रेघेपर्यंत सलाइन घालायचं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची अक्कल काढली, आणि स्वतःची ही!"

नवी सीलबंद व्हायल आणा म्हणून गंधारला फोन गेला होता तो अपेक्षाचा दाब पडत असताना. साहेब उगवले ते बाळ पाळण्यात गेल्यावर. जिममधून आले होते. बिनबाह्यांचा टी-शर्ट, दंडावर फुगलेल्या शिरा, अंगभर घाम, डोळे टक्क उघडे आणि जबडा सारखा आवळलेला. सीलबंद बाटल्यांचा हिशेब श्यामसर रोज रात्री त्या सॉफ्टवेअरवर बघायचे, उघड्या बाटलीचा हिशेब कुणाकडेच नव्हता. ती व्यवस्था ज्याने लावली होती तोच समोर उभा होता.

थिएटरच्या दारात, श्यामसरांच्या देखत, सिस्टरांनी त्याचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तो हात सोडवायला बघत होता. त्यांनी सोडला नाही.

"एकशे चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "सर, आपल्या पेशंटचं औषध इथे पळतंय."

"काय ड्रामा करताय?" गंधार म्हणाला. "इट्स जस्ट प्री-वर्कआउट. पंप चांगला येतो. जिममध्ये सगळेच घेतात."

"सगळ्यांच्या वडिलांची हॉस्पिटलं नसतात."

त्या 'सगळ्यां'पैकी एका मुलाला मी आयसीयूत पाहिलं आहे. दंड फुगवायला हेच टोचत होता, त्याने मेंदूत रक्तस्राव झाला. त्याची आई त्याला चमच्याने पेज भरवते. दाब पडलेल्या माणसाला वर आणणारं औषध धडधाकट माणसाने टोचलं तर दाब भलतीकडे चढतो, हृदय उधळतं, आणि काही महिन्यांनी त्याच्याशिवाय उठवतही नाही. हे मी गंधारला सांगितलं. त्याने माझ्याकडे नोकराकडे बघावं तसं बघितलं. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही, मी वागत तसाच आलो होतो.

श्यामसर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पेशंट ठीक आहे, बाळ ठीक आहे. स्पायनलनंतर दाब पडतोच. डॉक्टर, तुम्ही तेवढं लिहा. मुलाचं मी बघतो."

मी लिहिलं. 'स्पायनलनंतर रक्तदाब कमी, औषधोपचाराने सुधारणा.' यातला शब्द न् शब्द खरा होता, इतकी हुशारी मला आहे. सिस्टरांनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं.

"छान," त्या म्हणाल्या. "अक्षरही आज लागतंय."

आणि त्या टोपी काढून बाहेर गेल्या. आनंद बाकावर बसला होता, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी उभ्याउभ्याच त्याला सगळं सांगितलं. कुणी चोरलं, कसं चोरलं, रेघ कुणी मारली होती, आपण कशा फसलो. आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. नोकरी त्याच दिवशी जाणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि गेलीच. आनंद पुडा बाकावर ठेवून तडक माझ्याकडे आला.

"डॉक्टर, खरं आहे हे?"

माझा फोन वाजत होता. धायरीचा. मी हो म्हणालो. एकदा तोंड उघडल्यावर आठवडाभर औषध लागू पडत नव्हतं, तेही सांगून टाकलं. तो आता माझी कॉलर धरेल असं मला वाटलं होतं. बरं झालं असतं.

"म्हणजे या आठवड्यात इथे ज्या ज्या बायका बाळंत झाल्या," तो म्हणाला, "त्यांनाही हेच दिलंत? कोण होत्या त्या? कशा आहेत आता?"

चार होत्या, एवढं मला आठवलं. एकीची पाठ आठवली, सुई लवकर गेली नव्हती म्हणून. नाव एकीचंही आठवेना.

त्याच्या मागे सिस्टर येऊन उभ्या होत्या. त्यांनी चारही नावं सांगितली, कुणाला मुलगा, कुणाला मुलगी, आणि कुणाचं बाळ अजून काचेच्या पेटीत आहे तेही.