पहिल्या रविवारच्या आधी

शनिवारी संध्याकाळी आमच्या इन्चार्ज मॅडमची स्कूटी आंधळगावात आमच्या दारासमोर थांबली, आणि बाबांचा चेहरा उतरला. वरिष्ठ माणूस घरी येतो तो नोकरी घ्यायलाच, असा त्यांचा हिशेब. मलाही दुसरं काही सुचेना.

मी तुमसरच्या एका दवाखान्यात नर्स. आदल्या दिवशी एका म्हाताऱ्याची सलाईन संपली आणि रक्त नळीत चढलं. मी तेव्हा शेजारच्या खाटेवर ओकाऱ्या काढणाऱ्या बाईला धरून उभी होते. मॅडम आल्या, नळी बंद केली आणि भरल्या वॉर्डात, नातेवाइकांसमोर कडाडल्या, "लग्नात मिरवायला आलीस का इथं?" चूक माझीच होती. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच.

बाबा हात जोडून उभे राहिले. "नादान आहे जी पोरगी. कामावरून काढू नका तिले."

मॅडम गोंधळल्या. "काढायला नाही आले दादा. माफी मागायला आले."

मॅडम ख्रिस्ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, भाकर आणि प्याला. आपण कोणाला दुखावलं असेल तर आधी त्याच्याशी समेट करायचा, मगच प्याला घ्यायचा, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून आदल्या शनिवारी त्या अशा घरोघर निघत. जातील तिथं हाच घोळ व्हायचा म्हणे. एका वॉर्डबॉयच्या आईनं तर त्यांचेच पाय धरले होते. तरी त्यांनी ही रीत सोडली नाही.

मला मात्र संतापच आला. "तुमी वॉर्डात बोलल्या, सगळ्यायसमोर. मंग माफी इथं काहून मागून राहिल्या?"

आईनं मला चिमटा काढला. मॅडम चहा अर्धा ठेवून उठल्या. रविवारभर माझा पाय घरात ठरेना. जास्त बोलले का? नोकरी गेली का? आणि बोलले ते बरोबरच होतं, असंही वाटत होतं.

सोमवारी आमच्या आयाबाई, त्यांच्याच चर्चमधल्या, हसत म्हणाल्या, "काल मॅडमनं प्याला नाई घेतला. तुह्या पायी उपास घडला त्याईले." मला हसू आलं नाही.

ड्यूटी बदलताना सगळ्या नर्स उभ्या होत्या. मॅडम सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शुक्रवारी मी हिला टाकून बोलले. चूक दाखवायची होती, अपमान करायचा नव्हता. मला माफ कर." आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

मागितलं तेच मिळालं होतं. 'माफ केलं' एवढंच म्हणायचं, पण जीभ उचलेना. राग गेला नव्हता. उलट सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आणल्या म्हणून तो वाढला.

"खोटं नको बोलूस. होईल तेव्हा सांग," म्हणून त्या राउंडला निघाल्या.

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. त्यांनी सुट्टी अडवली असती, नाइटमागून नाइट लावली असती, तर बरं झालं असतं. त्या नेहमीसारख्याच वागत राहिल्या आणि मी आतल्या आत धुमसत.

पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या टेबलापुढं जाऊन म्हटलं, "मॅडम, झालं." त्यांचे डोळे भरून आले. एकही प्रश्न विचारला नाही.

झालं कुठं होतं? मला फक्त सुटायचं होतं. उद्या माझ्या शब्दावर त्या प्याला उचलणार, हे बाहेर त्यांची स्कूटी सुरू झाल्यावर ध्यानात आलं. मी गेटपर्यंत धावले. "मॅडम, नाही झालं अजून."

त्यांनी स्कूटी बंद केली. चेहरा पडला. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाल्या आणि गेल्या.

बसमध्ये मला रडू फुटलं. आंधळगाव यायच्या आत राग खरोखरच गेला. आता खरंच झालं, हे सांगायला मी फोन लावला. रविवारी चर्चची वेळ होऊन गेली तरी लावत होते. मॅडमचा फोन बंद होता.