नाक नसलेली डोकी

वाऱ्याला घाबरणारा माणूस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये एकच होता, आणि मला खोली मिळाली ती नेमकी त्याच्याच घरात. न्यू लिनच्या त्या घराची दोन दारं एका वेळी उघडी राहिली की आमचे घरमालक "मारतोस का मला!" असं ओरडत, मातीच्या हातांनीच धावत यायचे. समोरासमोरच्या वाऱ्यानं मान धरते, दात दुखतात, किडनी बिघडते आणि चांगली चाललेली लग्नं मोडतात, असं त्यांचं वैद्यकशास्त्र. बाहेर मात्र हाच माणूस भर थंडीत, भर पावसात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, घालून, कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा शोधत अंगणभर फिरायचा. विचारलं तर म्हणायचे, "बाहेरचा वारा देवाचा. घरातला वारा तुझा." ते सर्बियाचे, चित्रकार आणि शिल्पकार, तेही एकदम मॉडर्न. मी बार्शीचा. दोघांचंही इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे झकास जमलं. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला 'मायमुने' अशी हाक मारायचे. बरेच दिवस मला वाटत होतं, काहीतरी लाडाचं असेल. मग कळलं, त्यांच्या भाषेत माकड.

फोनवर पप्पांना सांगितलं, घरमालक पेंटर आहेत, तर म्हणाले, "चांगलंय की! बोर्ड लिहितात का नंबरप्लेटी?" आमच्याकडे पेंटर म्हणजे तेवढंच. पप्पांचं सोडा, इथेच राहणाऱ्या, आमच्या ओळखीच्या, मूळच्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना मी 'पेंटर' एवढंच बोललो, तर त्यांनी काकांना थेट हॉल रंगवायला बोलावलं. क्रीम कलर. काका गेले. भिंतीसमोर उभं राहून चहा प्यायले, परत चहा प्यायले आणि म्हणाले, "भिंत छान आहे. हात लावू नका. तुमचं डोकं द्या." बाई घाबरल्याच. मी म्हटलं, "मॅडम, मातीचं करणार आहेत, तुमचं तुमच्याकडेच राहील."

काकांची डोकी करायची तऱ्हा जगावेगळी. आधी हुबेहूब करायचे, इतकं हुबेहूब की नमस्कार करावासा वाटावा. मग सुरी घेऊन एकेक काढायला लागायचे. नाक गेलं, कान गेले, डोळे गेले, शेवटी मानेवर गुळगुळीत अंडं उरायचं. डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी काय बटाटा आहे का?" कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, तिथल्या गुजराती मोटाभाईंनी तर स्वतःच्या डोक्याला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "नाक किधर गया, भाई?"

संध्याकाळी काका लांब दांड्याच्या भांड्यात डांबरासारखी कॉफी उकळायचे आणि मला म्हणायचे, "चल, कर कुणाची तरी." नकला हा माझा शाळेपासूनचा धंदा, हेडमास्तरांपासून सगळे करून झालेले. एकदा मोटाभाईंची केली. काही नाही, मान खांद्यावर दाबून, फोन कानात अडकवल्यासारखं, "हां हां, दूध है, ब्रेड बी है," इतकंच. काका डोळे पुसेपर्यंत हसले आणि एकदम थांबले.

"नाक कुठंय त्याचं?"

"कुणाचं?"

"तू केलंस त्याचं. कान? मिशी? सगळं काढून टाकलंस की, मायमुने! मान तेवढी ठेवलीस."

त्या दिवसापासून मला कॉफीत जास्तीची साखर मिळायला लागली.

मग त्यांचं प्रदर्शन ठरलं. या देशातलं पहिलंच. काका सहज बोलल्यासारखं बोलले, "एकानं तरी ओळखलं पाहिजे. नाहीतर सगळी डोकी परत टबात." डोकी भाजलेली नव्हती, पाण्यात टाकली की चिखल. "मग मी पर्थला मुलीकडे. नातवंडं सांभाळीन, माती बंद." मी हसलो. पण गॅरेजमध्ये गेलो तर टब घासून, पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलेला. तेव्हा हसू गेलं.

प्रदर्शनाला लोक आले. चीज खाल्लं, वाइन घेतली, 'इंटरेस्टिंग' म्हणाले. मोटाभाई स्वतःच्याच डोक्याला पाठ करून उभे. डॉक्टरीणबाईंच्या छोट्या मुलीनं विचारलं, "ममा, आर दीज एग्ज?" हॉलची दोन्ही दारं सताड उघडी होती, वारा आरपार वाहत होता, आणि काकांना पत्ताच नव्हता. ते नुसते उभे होते.

मी मोटाभाईंच्या डोक्याशेजारी गेलो, मान खांद्यावर टाकली. "हां हां, दूध है, ब्रेड बी है..." मुलगी किंचाळली, "दॅट्स डेअरी अंकल!" लोक वळले. वाकडी मान माझी, तशीच मातीची. मग मी बाईंच्या डोक्याजवळ गेलो. हनुवटी आत, डोकं पुढं, चष्म्यावरून नजर. "कधीपासून होतंय हे?" हॉल नुसता फुटला. बाई मात्र हसल्या नाहीत. जवळ आल्या आणि त्या बटाट्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "मी अशी वाकते होय पेशंटकडे?" त्या हळूच म्हणाल्या. "आमची आई अशीच वाकायची." मोटाभाईंनी तर आपलं डोकं उचलून छातीशीच धरलं. "ये मैं ले जाएगा." काकांनी नाक ओढलं आणि खेकसले, "दार लावा कुणीतरी!"

त्या रात्री घरी गेल्यावर टब अंगणात रिकामा झाला.

पण त्याआधी हॉलमध्येच कुणीतरी ओरडलं, "आता यांची कर!" मी पुढं झालो. चष्मा ठेवू? जॅन्डल्स? ते खेकसणं? एकेक घेतलं आणि एकेक खोटं वाटलं. काका वाट बघत होते, अगदी पोझ देऊन. शेवटी म्हणाले, "राहू दे, मायमुने. वेळ लागतो."

काही वर्षांनी ते पर्थला गेलेच, पण माती बरोबर घेऊन. मित्र अजून म्हणतात, "तुझ्या त्या पेंटरची नक्कल कर की." मी उठून उभा राहतो, काय काढून टाकायचं ते ठरत नाही, आणि मग खाली बसून ते कसे होते तेच सांगत राहतो.