कंपनीचा मूळ अर्थ

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यातले स्टोअरकीपर काका बायको गेल्यापासून घरी जेवत नसत, नुसतं पोटात काहीतरी ढकलत. खरं जेवण दुपारचं, कँटीनच्या लांबलचक टेबलावर. शेजारी वेल्डर, समोर टायपिस्ट बाई आणि मधे सगळ्यांचे उघडे डबे.

काकांना एकच नाद होता, इंग्रजी शब्दांची कुंडली काढायचा. दर सोमवारी कँटीनबाहेरच्या फळ्यावर ते एका शब्दाचं मूळ खडूने लिहीत. लोक वाचत, माना डोलवत आणि डबा उघडेपर्यंत विसरून जात. विसरेनात का, समोर बसून जेवत होते ना!

मग नोटीस लागली. एक तारखेपासून कँटीन बंद, तिथे मीटिंगची खोली होणार. प्रत्येकाने आपापल्या जागी जेवावं, म्हणजे वेळ वाचेल. वाचलेल्या वेळाचं काय करायचं, ते मात्र नोटिशीत नव्हतं. म्हणजे काकांनी आता दुपारीही भिंतीकडे तोंड करून जेवायचं.

"तुम्ही बोला की साहेबांशी," वेल्डर म्हणाला.

"त्यांच्यासमोर माझी बोबडी वळते रे. मी लिहितो."

आणि सोमवारी त्यांनी लिहिलं. शब्द होता 'कंपनी'. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. मराठीतला पावसुद्धा पोर्तुगीजांच्या हातून त्याच घराण्यातून आलेला. म्हणजे कंपनी म्हणजे एकत्र बसून पाव खाणारी माणसं. सैनिकांची तुकडी, व्यापाऱ्यांचं मंडळ, हे अर्थ मागाहून आले. शेवटी काकांनी लिहिलं, 'जेवण आधी, धंदा नंतर', आणि 'नंतर'खाली दोन रेघा ओढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाशी तरी भांडले होते, तेही खडूने.

मॅनेजर साहेबांनी फळा दोनदा वाचला आणि काकांना बोलावणं धाडलं. जिना चढताना काकांनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदाही तयार केला.

साहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "काका, इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंत? केवढा मोठा विचार आहे!"

गाढवापुढे वाचली गीता, असं आपण म्हणतो. इथे तर गाढवाला गीता आवडली, आणि ते फार वाईट.

महिन्याभरात मीटिंगच्या खोलीत पितळी अक्षरं झळकली, 'आपण एकत्र पाव खाणारी माणसं'. खाली टेबल तेच, फक्त वर नवा सनमायका. त्यावर छोटी सूचना होती, 'खाद्यपदार्थ आणू नयेत'. फीत काकांच्याच हस्ते कापली गेली.

"साहेब, पण ते जेवणाचं..." काकांनी कसाबसा धीर केला.

"आठवण आहे ना!" म्हणत साहेबांनी त्यांना भेटवस्तू दिली. एका माणसापुरता, गरम राहणारा डबा.

दुसऱ्या दिवशी काका रॅकांच्या मधे तो डबा उघडून बसले. अन्न खरोखरच गरम होतं. तरी दोन घास खाऊन ते झाकण लावणार, तेवढ्यात स्टोअरच्या खिडकीवर टकटक झाली. वेल्डर उभा होता, एका हातात माल मागायची चिठ्ठी, दुसऱ्या हातात डबा. स्टोअरमध्ये परक्याला प्रवेश नाही, हा काकांचाच कडक नियम. म्हणून दोघं खिडकीच्या दोन बाजूंना उभ्याने जेवले. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन टायपिस्ट बाईही आल्या. आठवड्याभरात खिडकीपुढे रांग लागली.

साहेब एकदा पाहुण्यांना कारखाना दाखवत लांबून चालले होते. "बघा," ते अभिमानाने म्हणाले, "आमची माणसं जेवणाच्या सुट्टीतही माल न्यायला उभी असतात."

बाई हसू दाबत कुजबुजल्या, "काका, सांगायचं का त्यांना खरं?"

काकांनी खिडकीतून भाजी पुढे सरकवली. "नको हो. कळलं तर इथेही पितळी अक्षरं लावतील."