सुभद्रेनं अडवलेलं दूध

काष्टीच्या बाजारात मी सरकी पेंडीचं पोतं टेम्पोत चढवत होतो, तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. पोराचा फोन. संतोष एवढंच म्हणाला, "आबा, घरी या." मी विचारलं, कोणती गाय आडवी झाली? तो परत तेच म्हणाला, घरी या. तेव्हा कळलं की गाय नाही. वस्तीवर पोचलो तर ओसरीवर माझी बायको सुभद्रा निजवलेली होती. वासरांना चारा टाकता टाकता गोठ्यातल्या खांबाला टेकून बसली, ती उठलीच नाही. कधी डोकं दुखलं म्हणून पडून राहिलेली बाई नव्हती ती. त्याला आता दीड महिना झाला.

भेटायला येणारे म्हणतात, लई मायाळू होती हो. कशाची मायाळू. तिखट होती. पाव्हण्याला तोंडावर सांगायची की तू जेवायच्याच वेळेला येतोस. मलाही तिनं आयुष्यात कधी गोड शब्द ऐकवला नाही आणि मीही तिला ऐकवला नाही. पण तिनं एक काम असं करून ठेवलंय की ते आठवलं की मी रडायचं विसरून उठून उभा राहतो. ते सगळ्यांना कळायला पाहिजे, म्हणून सांगतो.

आमच्या दावणीला सहा गाई. दूध सगळं डेअरीला. सकाळी कॅन गळ्यापर्यंत भरला आणि डेअरीवर फॅट चांगली लागली की मी दिवसभर मिशीला पीळ देत हिंडणार. वासरांची जबाबदारी सुभद्रेची. वासराचा वाटा पहिल्या दिवसापासून ठरलेला, बादलीनं मोजून पाजायचं, त्यात एक घोट कमी चालत नव्हता. कालवड नीट वाढली नाही तर पुढं गाय कसली होणार? हे आम्हाला पक्कं कळत होतं. आणि घरात? घरात कोरा चहा. माझी आई कोराच प्यायली, सुभद्रा कोराच प्यायली, संतोषचं लग्न होऊन सून आली, अश्विनी, तिच्याही कपात कोराच. पाव्हणा आला तर चमचाभर दूध. दूधवाल्याच्या घरची रीत हीच, आजूबाजूच्या वस्त्यांवर जाऊन बघा.

अश्विनीला मुलगा झाला, सार्थक. गोरा, गुटगुटीत, वजन चांगलं भरायचं. आणि गुणाचा इतका की रडायचाच नाही. सहा महिन्यांचा झाला, सात झाले, जिथं ठेवाल तिथं पडून. मी चारचौघांत सांगायचो, आमच्या घरात साधू जन्माला आलाय. उष्टावण तेवढं राहिलं होतं. आमच्यात उष्टावण मामाच्या हातानं होतं, आणि मामा फौजेत. एकदा रजा निघाली ती रद्द झाली, दुसऱ्यांदा तसंच झालं. बायका म्हणाल्या, मामाच्या आधी पोराच्या तोंडाला अन्न लावू नये. मीही म्हणालो, रीत म्हणजे रीत. आईचं दूध चालू आहे, काय बिघडतंय? असं करत पोर नऊ महिन्यांचं झालं.

एक दिवस सुभद्रा गोठ्यातून रिकामी बादली घेऊन घरात आली आणि सार्थकच्या उशाशी बसून बादली वाजवायला लागली. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. परत वाजवली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दिवाळीत बादली वाजली की हे पोर मान वळवून हसायचं. आता डोळाबी हालवंना. बघा की." मी म्हणालो, झोप आली असेल. ती म्हणाली, "तुमाला झोप आलीया. नऊ महिन्यांचं पोर, मान टाकतंय. आदी धरत हुतं. वासरू असतं तर पहिल्याच दिवशी डॉक्टर बोलवला असता तुमी." तिनं त्याचा हात उघडून दाखवला. बोटांच्या पेरांवर काळे डाग चढले होते, हात बारीक थरथरत होता. डोक्यावरचे केस तांबूस, विरळ. ओठ पांढरे. इतके दिवस मी ते पोर मांडीवर घेत होतो आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं.

आधी मी ऐकलं नाही, कबूल करतो. शेजारच्या म्हातारीनं दृष्ट काढली, मी काळा दोरा बांधला. म्हणालो, चार दिवस वाट बघू. सुभद्रेनं मला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी धार काढून झाली की अश्विनीला म्हणाली, लुगडं बदल, आणि दोघी पोराला घेऊन रस्त्याला लागल्या. वाटंवरच्या लोकांनी काय म्हणावं म्हणून मीही मागून निघालो. एसटीत ती माझ्याकडं पाठ करून बसली.

केडगावला लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, तिथं गेलो. त्यांनी पोराला बघितलं, हात बघितले, आणि मग पोर बाजूला ठेवून अश्विनीला विचारायला लागल्या. मला रागच आला. दुखणं पोराला, आणि चौकशी आईची? काय खातेस, मटण? नाही, आम्ही माळकरी. अंडं? नाही. दही? ताक झालं तर कधीमधी. दूध? नाही, चहा कोराच. हातापायाला मुंग्या येतात का, जीभ सोलल्यासारखी होते का? तिनं होकाराची मान हलवली. अहो, आमच्याच घरात राहणारी पोर, अंगण झाडता झाडता दमून बसायची, आणि मी म्हणायचो की आजकालच्या पोरी नाजूक. बाईंनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? मी छाती काढून सांगितलं, सहा गाई आहेत, रोज कॅन भरतो. बाईंनी एकदा अश्विनीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, ते त्या खुर्चीत झालं.

मग त्यांनी समजावलं. बी-ट्वेल्व्ह नावाचं एक जीवनसत्त्व असतं. ते पालेभाजीत नसतं, भाकरीत नसतं. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मटणामासळीत. आईच्या अंगात नाही तर तिच्या दुधात कुठून येणार? पोर अंगानं गुटगुटीत दिसतं, पण मेंदूला खुराक नाही, रक्त पांढरं पडलेलं. आणि सहा महिने झाले की आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू झालंच पाहिजे, ते तुम्ही का दिलं नाही? आता मामाच्या रजेचं त्यांना कसं सांगणार. सुभद्रेनं सांगितलं. आणि सांगताना मलाच बोलली, "मामा तिकडं पहारा देतोय, आन हितं भाचा उपाशी." बाई म्हणाल्या, प्रत्येक शांत पोराला हेच असतं असं नाही, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तपासलं. तेच निघालं.

पोराला तिथंच दाखल करून घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली, पोराला आणि आईलाही. बाई म्हणाल्या, अंडं चालत असेल तर हळूहळू पोराला द्या. मी गळ्यातल्या माळेला हात लावून उठलोच. म्हणालो, आमच्या घरात अंड्याचं नाव निघालेलं नाही. तेव्हा भरल्या दवाखान्यात सुभद्रा म्हणाली, "नगा देऊ अंडं. माळ ऱ्हाऊ द्या तुमची. पन गाय तर तुमच्याच दावनीला हाय ना?" मी परत खुर्चीत बसलो. ती पण बसली. मग हळू आवाजात अश्विनीला म्हणाली, "माज्या सासूनं मला दिलं न्हाई, म्या तुला दिलं न्हाई. ह्याला आपनच हितं आनलं पोरी. तुज्याकडं बोट न्हाई, माज्याकडं हाय." पन्नास वर्षांच्या संसारात ती स्वतःचं चुकलं असं म्हणालेली मी तेवढंच ऐकलं.

उष्टावण तिथंच उरकलं, दवाखान्याच्या खाटेवर. तिनं कुठून तरी मऊ भात आणि दही आणलं, बोटानं कालवलं आणि पोराच्या ओठाला लावलं. ना मामा, ना चांदीची वाटी. आधी ते बाहेरच यायचं. ती परत लावायची. दुसऱ्या दिवशी थोडं गिळलं. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे फिरवून खोली बघितली. पाचव्या दिवशी सकाळी मी खालून चहा घेऊन आलो तर सुभद्रा खाटेजवळ वाकून स्टीलचा तांब्या चमच्यानं वाजवत होती, आणि पोर हसत होतं. आवाज करून हसत होतं. मी चहा सांडला. नर्स रागावली, पुसा म्हणाली, मी टॉवेलनं फरशी पुसत होतो आणि तेही बघून ते पोर हसलं. आता तुम्ही म्हणाल हसण्यात काय मोठं? ज्याच्या घरातलं हसू गेलेलं असतं आणि परत येतं, त्याला विचारा. मी खाली जाऊन चहाच्या टपरीवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, ओळख ना पाळख. मान धरायला महिना लागला, बसायला आणखी. बाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर भरून निघालं नसतं.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कॅनचं झाकण लावायला गेलो तर सुभद्रा कॅनसमोर उभी. आधी घरचं, मग डेअरीचं, म्हणाली. मी म्हणालो, कॅन गळ्यापर्यंत भरणार नाही. ती म्हणाली, नसंल भरत. त्या दिवसापासून पहिलं दूध तिच्या भगुल्यात. अश्विनीच्या हातात तांब्या द्यायची आणि कमरेवर हात ठेवून संपेपर्यंत समोरून हलायची नाही. सार्थक आता चौथ्या वर्षात आहे. एका जागी ठरत नाही, दिवसभर शेपटीला धरून वासरं पळवतो. साधू राहिला नाही, बरं झालं.

अश्विनीला परत दिवस गेलेत, सहावा महिना आहे. गोळ्या वेळेवर चालू आहेत. पण सुभद्रा गेली, घर पाव्हण्यांनी भरलं, भगुलं चहाच्या गडबडीत गेलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पंधरा दिवसांमागं एका सकाळी मी दाव्याला दोरी शोधायला आत गेलो तर चुलीपाशी अश्विनी कोरा चहा पीत बसलेली. हातात शिळी भाकरी. तशीच, पहिल्यासारखी. तसाच बाहेर आलो तर संतोषनं कॅन गाडीला बांधलेला. मी म्हणालो, उतरव. तो म्हणाला, आबा, डेअरी बंद हुईल. मी म्हणालो, होऊ दे बंद, उतरव आधी.

तांब्या भरून अश्विनीपुढं धरला. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि तांब्या घेऊन तशीच उभी. सासऱ्यासमोर कशी पिणार? सुभद्रा समोर उभी राहायची, मला ते जमणार नाही. मग मी दारात जाऊन गोठ्याकडं तोंड केलं आणि पाठमोरा उभा राहिलो. आता रोज सकाळी हेच. संतोष गाडी चालू करून ताटकळतो, गाई माझ्याकडं बघतात, मी गाईंकडं. मागं सार्थक राखणीला बसलेला असतो. मला वाटतं झालं असेल, मी पाय उचलतो, तेवढ्यात तो आतून ओरडतो, "आबा, मम्मीचं अजून ऱ्हायलंय." मग मी परत तसाच उभा.